सांगता येत नाही

“तिन्हीतलं एकच सांगायचं, काका,” ती मुलगी म्हणाली. “हो, नाही, किंवा सांगता येत नाही.”

कमलाकांत नुकताच पहिल्या पाळीवरून सुटला होता. रंगाच्या कारखान्यात सकाळपासून केशरी माल चालला होता, त्यामुळे त्याची नखं, कानामागची कातडी आणि हातातला रुमाल सगळंच केशरी झालं होतं. मुंबईच्या कुठल्याशा कॉलेजातून आलेली ही मुलगी बोईसरच्या नाक्यावर रसाच्या गुऱ्हाळाच्या सावलीत उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवत होती, आणि लोकांच्या आजारपणाचा विमा सरकारने उतरवावा की ज्याचं त्याने बघावं, असा तिचा प्रश्न होता. आता हा प्रश्न कमलाकांतला विचारणं म्हणजे कोळणीला मासे ओळखता येतात का म्हणून विचारण्यासारखं होतं. कॅन्टीनमध्ये या विषयावर त्याच्याइतकं कोणीच बोलत नसे. सरकारने हातावर औषध ठेवलं की माणूस मिंधा होतो, आणि मिंधा माणूस मान वर करून चालू शकत नाही, असं तो टेबलावर मूठ आपटून सांगायचा. पोरं तर त्याला मुद्दाम चावी देऊन मजा बघायची. म्हणजे उत्तर अगदी ओठांवर तयार होतं. त्याने तोंड उघडलं आणि आतून भलतंच काहीतरी बाहेर आलं.

“सांगता येत नाही,” तो म्हणाला.

मुलीने कागदावर खूण केली. तिला त्यात काही विशेष वाटलं नसावं, तसं सांगणारे तिला दिवसभर भेटत असतील. “संध्याकाळी मी विम्याच्या दवाखान्यापाशी असणार आहे,” ती हसून म्हणाली, “तोपर्यंत सांगता यायला लागलं तर तिथे या.” आणि ती पुढच्या सायकलवाल्याकडे वळली.

घरी जायला सालवडच्या रस्त्याला लागल्यावरही ते तीन शब्द त्याच्या बरोबर चालत राहिले. उन्हं कलायला लागली होती. रस्त्याकडेचा नाला आज जांभळा वाहत होता, म्हणजे शेजारच्या कारखान्यात जांभळा माल होता. इथल्या माणसाला वार कळायला कॅलेंडर लागत नसे, नाल्याकडे बघितलं की झालं. हवेत तो नेहमीचा गोडसर, घशाशी चिकटणारा वास होता. त्या वासात चालताना कमलाकांतला कित्येकदा असं वाटायचं की आपण चालत नाही, कोणीतरी आपल्याला अलगद पुढे नेतंय. रस्ता सरकतोय, सुबाभळीची झाडं सरकताहेत, पत्र्याची दुकानं सरकताहेत, आणि आपण मात्र जागच्या जागी झुलतोय. आज ते झुलणं जास्तच जाणवत होतं, आणि त्यातून येणारा बारीक कुरकुर आवाजही. तो आवाज कशाचा हे त्याला पुरतं ठाऊक होतं, म्हणूनच तो दुसरं काहीतरी आठवायला लागला.

दुपारचं आठवलं. दुपारी ऑफिसातल्या कारकुनाने त्याला खिडकीशी बोलावून हात पुढे केला होता. साहेबांनी त्याला सुपरवायझर करायचं ठरवलं होतं. काचेची केबिन, डोक्यावर पंखा, बसायला खुर्ची, रंगाच्या भुकटीत उभं राहणं बंद. उद्या सकाळी फक्त होकार द्यायचा. या खुर्चीकडे कमलाकांतने इतकी वर्षं डोळे लावले होते, की ती मिळाल्याचं ऐकून त्याला आधी आनंदच झाला नाही, नुसती धाप लागली. मग कारकून हसत हसतच म्हणाला, “आता विम्याचं कार्ड जमा करावं लागेल हो. पगार मर्यादेच्या वर गेला ना तुमचा. चालू मुदत संपेपर्यंत औषध मिळेल, पुढे नाही. अभिनंदन!” त्याने ते दोन्ही एकाच दमात सांगितलं. कमलाकांतनेही एकाच दमात आभार मानले.

आणि सुलूचं ऑपरेशन त्या मुदतीच्या पलीकडे होतं. सुलू म्हणजे त्याची बायको. लहानपणी सांधे धरणारा ताप आला होता तिला, त्यात काळजाची एक झडप बिघडली ती बिघडलीच. चार पायऱ्या चढली की तिचे ओठ निळसर व्हायचे आणि ती कुठेही बसायची, दुकानाच्या पायरीवर, कोणाच्या ओट्यावर, आणि आपण मुद्दामच बसलोय असा चेहरा करायची. विम्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात दाखवलं होतं, तिथे तिचा नंबर लागला होता, पावसाळा सरल्यावर. नंबर कार्डावर होता. कार्ड गेलं की नंबर गेला. एवढं सरळ होतं ते. स्वतःच्या हिमतीवर मुंबईत काळीज उघडून घ्यायचं तर ती हिंमत कुठल्या झाडाला लागते हे त्याला ठाऊक नव्हतं. वाडी भावकीत वाटली जाऊन त्याच्या वाट्याला उरलेल्या माडांना तर ती लागत नव्हती.

गंमत म्हणजे हे सगळं कळल्यानंतरही तो कॅन्टीनमध्ये नेहमीसारखाच बोलला होता. तोंडाला सवय लागली की ते डोक्याला विचारत नाही. सरकारी औषध म्हणजे लाल पाणी, असं कोणीतरी म्हणालं आणि कमलाकांतने लगेच मिंधेपणाचं लावून धरलं. दांडी गावचा देवू, बापजाद्यांचं जाळं सोडून कारखान्यात आलेला, डबा पुसत म्हणाला, “फुकट कुटं हाय रं? पगारातना कापतात नं? माजा बी कापतात, तुजा बी कापतात. मी आजारी नाय पडलो तर माजं तुला जातं, तू नाय पडला तर तुजं मला येतं. सरकार निस्तं मदी हुबं हाय.” कोपऱ्यातला बिहारी भट्टीवाला म्हणाला, “और क्यों न करे सरकार? धुआँ हम किसके लिए खा रहे हैं?” त्यावर बरेच जण हसले. म्हातारा फिटर म्हणाला की सरकारने एकदा नाडी धरली की सोडायची नाही, त्यापेक्षा आपला कंपनीचा डॉक्टर बरा, शिव्या देतो पण ओळखतो. जितकी तोंडं तितकी मतं. आणि प्रत्येकाच्या मताखाली कोणीतरी अंथरुणावर पडलेलं होतं, आई, पोर, नाहीतर तो स्वतः. कमलाकांतच्या मताखालीही होतं. फक्त लोकांना वाटायचं ती सुलू असेल. सुलू नव्हती ती.

कुरकुर पुन्हा सुरू झाली, आणि या खेपेला त्याने ती येऊ दिली. तो डोलीचा आवाज होता. वेताची एक जुनी खुर्ची, तिला दोन बाजूंना बांबू, बांबूंना काथ्याची दोरी. खाडीकाठच्या त्याच्या गावात ती देवळाच्या आढ्याला टांगलेली असायची. गावात कोणी आजारी पडलं की ती खाली उतरायची आणि ज्यांची पाळी असेल ते चार गडी ती उचलायचे. खाडीवर तेव्हा पूल नव्हता, ओहोटी बघून निघायचं, गुडघाभर चिखल तुडवायचा आणि पलीकडच्या दवाखान्यात माणूस पोचवायचा. पाळीला जात नव्हती की भांडण नव्हतं. ज्याच्याशी बांधावरून बोलणं बंद त्याच्याही खांद्याला खांदा लागायचा. आणि एक रीत होती. डोली उचलणाऱ्याला घरच्यांनी पाणीसुद्धा विचारायचं नाही. तेही परत आले की विहिरीवर पाय धुणार आणि मागे न बघता आपल्या वाटेने जाणार. दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटले तर तो विषय काढायचा नाही. डोलीचं बोलायचं नाही, डोलीचं फेडायचं नाही. का, ते कोणी सांगत नसे, आणि ज्याला हे विचारावंसं वाटेल असा माणूसही गावात तोवर झाला नव्हता. तो कमलाकांतच्या रूपाने झाला.

त्याचे वडील, तात्या, काविळीने पिवळे पडले तेव्हा कमलाकांत नुकता मॅट्रिक झाला होता आणि पायात कॅनव्हासचे बूट घालून हिंडायचा. तात्यांना डोलीत घातलं. तात्या झुलत झुलत खाडी उतरले, दवाखान्यात राहिले आणि झुलत झुलत बरे होऊन परत आले. येताना त्यांना डोलीतच झोप लागली होती, तोंड उघडं, मान एका बाजूला. त्यांच्या वयाचा माणूस इतका बिनधास्त झोपलेला कमलाकांतने त्याआधी आणि त्यानंतरही पाहिला नाही. चार गड्यांनी पाय धुतले आणि ते गेले. आणि अंगणात उभ्या राहिलेल्या मॅट्रिक कमलाकांतला वाटलं, हे आता आपल्या डोक्यावर बसणार. जन्मभर बसणार. आपण यांच्यासमोर मान वर करून कसं चालायचं? सकाळी उठून त्याने वाडीतले नारळ उतरवले, पिशव्या भरल्या आणि चौघांच्या घरी नेऊन दिले. कोणी नको म्हटलं नाही. भांडलंही नाही. शेवटचं घर नवशाचं होतं. नवशा ओट्यावर जाळ्याची भोकं बांधत बसला होता. त्याने पिशवीकडे बघितलं, मग कमलाकांतच्या बुटांकडे.

“म्हंजे सुटलास तू,” तो म्हणाला. “बरं झालं.”

तेव्हा त्याला ते कौतुक वाटलं होतं. घरी येऊन त्याने तात्यांना सांगितलंही, मी फेडून आलो म्हणून. तात्या भिंतीकडे तोंड करून निजले. पुढे काही वर्षांनी आई आजारी पडली. रखमा तिचं नाव, सगळ्या गावात ती रखमाकाकीच. पाळीचे चार गडी आले, वेळेवर आले, त्यात काही कमी नव्हतं. फक्त ते अंगणात न येता कुंपणाशी थांबले, आणि त्यातला एक साधेपणाने म्हणाला, “काय द्याल?” कमलाकांतने सांगितलं. त्यांनी डोली उचलली. ओहोटी होती, चिखल तोच होता, माणसंही तीच होती. मध्ये खाडीत आई म्हणाली, “आज यांचे खांदे टोचतात रं.” खांदे कसे टोचतील, बसायला खुर्ची होती, खाली गोधडी होती, पण ती म्हणाली तसं, आणि तिने बांबू घट्ट धरून ठेवला. तिला झोप लागली नाही. त्या दुखण्यातून ती उठलीही, आणखी काही वर्षं जगलीही. पण त्याच पावसाळ्यात गावातली चिमी, नुकताच नवरा गेलेली, बाळंतपणात अडली, आणि चार गडी तिच्याही कुंपणाशी थांबले. चिमीच्या वाडीत नारळ नव्हते. तिला मग बैलगाडीने लांबच्या वाटेने नेलं. ती वाचली, बाळ वाचलं नाही. कमलाकांतला कोणी एका शब्दाने बोललं नाही. गावातून तो बोईसरला आला, कारखाने नवे होते, माणसं कोणाचीच नव्हती, आणि इथे त्याला मोकळं वाटलं. देवळाच्या आढ्याच्या डोलीवर हळूहळू कोळिष्टकं चढली आणि एके वर्षी ती होळीत गेली. मिंधेपणाविरुद्ध तो इतक्या जोराने बोलायचा ते यासाठी. तो थांबला असता तर त्याला ती कुरकुर ऐकू आली असती.

घराशी पोचला तेव्हा सुलू दाराशीच पातळ नीट करून उभी होती, आज तिचा औषधाचा दिवस. एरवी शेजारची तानी तिला घेऊन जायची. तानी डोंगरातल्या पाड्यावरची, नवऱ्याबरोबर कामाला आली ती सालवडलाच राहिली. आज कमलाकांत म्हणाला, “मीपण येतो.” सुलूने त्याच्याकडे असं बघितलं की जणू त्याने लुगडं नेसायची इच्छा व्यक्त केली. विम्याच्या दवाखान्याच्या दारात कमलाकांतने आजवर पाऊल ठेवलं नव्हतं. तानी तोंडाला पदर लावून हसली. तिघं रिक्षाने गेली.

दवाखाना म्हणजे भाड्याची बैठी जागा, पुढे अंगण, अंगणात बदामाचं झाड. रांग होती, पण रांगेत माणूस एकच होता, तोही दाराशी. बाकी सगळ्या चपला होत्या. रबरी सपाता, टाचा झिजलेल्या वहाणा, एका लहान मुलाचे बूट, पट्टा तुटून सेफ्टीपिन लावलेल्या चपला, सगळ्या एकामागे एक दाराकडे तोंड करून उभ्या. आणि त्यांचे मालक झाडाखाली सावलीत, कोणी पाय पसरून, कोणी पोराला थोपटत, कोणी चक्क आडवं होऊन घोरत. सुलूने आपल्या चपला शेवटी काढून ठेवल्या, झाडाखाली गेली आणि बायकांनी तिला सरकून जागा दिली. कमलाकांत उन्हात उभा राहिला. दाराशी बसलेला माणूस आत गेला. झाडाखालून एक पोक्त बाई उठली, सगळ्या चपला एकेक करून पुढे सरकवल्या आणि पुन्हा जाऊन बसली. कोणी तिच्याकडे बघितलं नाही. जो घोरत होता तो घोरतच राहिला.

पुढचा नंबर आत गेला तेव्हा तानी पाणी आणायला नळावर गेली होती आणि ती पोक्त बाई डोळे मिटून होती. दाराशी जागा रिकामी पडली. उभा होता तो एकटा कमलाकांत. झाडाखालून दोन-चार डोळे त्याच्याकडे वळले, काही न सांगता. तो वाकला. पहिली चप्पल त्याने दोन्ही हातांनी उचलली आणि पुढे ठेवली. उन्हाने तापली होती ती, आणि अंगठ्याच्या जागी कोणाच्या तरी चालण्याने खळगा पडला होता. मग दुसरी. मग ते लहान बूट.

“पायानं ढकल रं बाबा,” एक म्हातारा झाडाखालून ओरडला. “हातानं काय उचलतस? पादुका हायत काय?”

सगळे हसले. सुलूही हसली, आणि मग छातीवर हात ठेवून तिने हसू आवरलं. कमलाकांत हातानेच सरकवत राहिला, शेवटच्या चपलांपर्यंत, निळ्या पट्ट्यांच्या, त्या सुलूच्या. उठला तेव्हा त्याची पाठ धरली होती. तो क्षणभर तसाच थांबला, कोणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून. कोणी काही म्हटलं नाही. त्या बायका पापडाच्या पिठाचं बोलत होत्या. त्याला एकदम रडू आलं. ते त्याने केशरी रुमालात खोकून टाकलं, आणि झाडाखाली येऊन सुलूशेजारी बसला.

मग त्याने तिला सांगितलं. खुर्चीचं, केबिनचं, कार्डाचं, नंबराचं. सुलूने पायाच्या बोटांवरची धूळ झटकली.

“तुमाला खुर्चीत बसलेलं बघायचं होतं मला,” ती म्हणाली. “पंख्याखाली.”

“उद्या साहेबांना नाही म्हणून सांगतो.”

“माज्यासाठी नको. लोक काय म्हनतील? मी तुमच्यावर कायमची बसले असं व्हईल.”

“तुझी झडप दुरुस्त होऊ दे. खुर्ची पळत नाही.” पळते, हे दोघांनाही ठाऊक होतं. ती उद्याच दुसऱ्याकडे जाणार होती. “मी पण तेच म्हणत आलो इतकी वर्षं. मिंधं व्हायचं नाही.”

सुलूने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. “या झाडाखाली किती वर्सं बसते मी,” ती म्हणाली. “माजी चप्पल कोनी कोनी ढकलली, मला नाय म्हायती. मी कोनाची ढकलली, त्यांना नाय म्हायती. मी कोनाची मिंधी झाले, सांगा?”

त्याला सांगता आलं नाही. बदामाचं एक लाल पान गिरक्या घेत खाली आलं. अंग सैल पडलं, आणि ती कुरकुर आली, पण आता ती टोचत नव्हती. चिखलातून कोणीतरी सावकाश चालत होतं, पाणी घोट्याशी वाजत होतं, आणि तात्या तोंड उघडं टाकून झोपलेले होते. त्याने कितीतरी वर्षांनी त्यांच्या झोपेकडे नीट बघितलं. ते चौघांना फेडून टाकायला हवं होतं असं त्या तोंडावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. चिमीचं बाळही आठवलं, ते आठवणारच होतं. ते कशानेच फिटणार नव्हतं, आणि आज पहिल्यांदाच त्याने ते फेडायचा विचार केला नाही.

“काका, आलात का?” नाक्यावरची मुलगी अंगणात शिरली होती, घामाने डबडबलेली. “मग? सांगता यायला लागलं?”

“हो लिहा,” कमलाकांत म्हणाला. “सरकारने करावं.”

“कारण?”

कारखान्यातला धूर, देवूच्या पगारातलं कापणं, म्हातारा फिटर, सगळं डोक्यात येऊन गेलं. “फेडावं लागू नये म्हणून,” तो शेवटी म्हणाला. “कोणालाच.”

मुलीने कागद वरखाली चाळला. “तसा रकाना नाहीये हो काका.”

“मग राहू दे.”

“अवो,” सुलूने त्याला कोपराने ढोसलं. “दाराशी रिकामं झालं. बघता काय?”

कमलाकांत उठला, उन्हात गेला, आणि चपला पुढे ढकलायला लागला. या खेपेला पायाने.